बेसचा भोपळा : कॅबिनेट पारखताना आपण नेमकं काय ऐकतो?



आजचा विषय जाहीर झाला आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवलीत, आणि आता स्पीकरची पेटी?" आम्ही म्हटलं, बाबा रे, ही ज्ञानमीमांसाच आहे. मला जे ऐकू आलं ते वाद्यात होतं, पेटीत होतं, खोलीत होतं की माझ्या खुर्चीत होतं? या प्रश्नाचं उत्तर चुकलं की माणसाबद्दलचा निवाडाही चुकतो. आमचा चुकला होता. म्हणून आज हे व्याख्यान आहे.

झालं असं. पंधराएक वर्षांपूर्वी आमचा पुतण्या पुण्यातल्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याच्या एका कार्यक्रमाला आम्ही गेलो. सभागृह छोटं, आणि आम्ही नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे, भिंतीला पाठ लावून बसलेलो. बेसचा एकच एक सूर असा घुमत होता की गाणं त्यात बुडून जात होतं, आणि बाकीचे सूर जणू नव्हतेच. कार्यक्रम संपल्यावर चार लोकांसमोर आम्ही त्याला म्हटलं, "तुझ्या हातात समतोल नाही. एक सूर ढकलतोस, बाकीचे गिळतोस." तो काही बोलला नाही. पण सुताराकडून हौसेनं बनवून घेतलेली, चार स्पीकरची ती जड पेटी त्यानं महिन्याभरात विकून टाकली आणि पुढे कित्येक वर्षं तो थेट मिक्सरमध्ये वायर लावून वाजवत राहिला. समीक्षकाचं एक वाक्य किती लांब जातं, बघा.

आता मुद्द्याकडे येऊ.

बेस गिटारचं कॅबिनेट म्हणजे काय? साधं उत्तर असं की अॅम्प्लिफायरमधून आलेला विद्युतसंदेश हवेत पोचवणारी लाकडी पेटी. या उत्तरात एक गृहीत दडलेलं आहे. ते असं, की सूर आधीच तयार आहे आणि पेटी फक्त हमाल आहे. आमचं म्हणणं असं, की हे गृहीतच चुकीचं आहे.

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस काय करतो? आधी भोपळा बघतो. त्याचा घेर, त्याची जाडी, टिचकी मारल्यावर तो काय बोलतो ते ऐकतो. भोपळा हे तंबोऱ्याचं 'अॅक्सेसरी' आहे, असं तिथे कुणी म्हणालं तर कारागीर हसेल. उभ्या डबल बेसलाही असंच मोठं पोकळ पोट असतं. 1951 साली लिओ फेंडरनं 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला तेव्हा त्यानं हे पोट कापून टाकलं. राहिली भरीव लाकडाची फळी, चार तारा आणि चुंबकाचा पिकअप. वाद्य हलकं झालं, पडदे असल्यामुळे सूर नेमके लागू लागले. पण पोट गेलं कुठे? ते दुसऱ्याच वर्षी, 1952 मध्ये, 'बेसमन' या नावानं वेगळ्या पेटीत परत आलं. त्या पेटीत 15 इंचांचा एक स्पीकर होता. म्हणजे बेस गिटार हे असं वाद्य आहे की ज्याचा भोपळा दहा फुटांवर ठेवलेला असतो आणि मध्ये एक वायर असते. भोपळा निवडणं म्हणजे वाद्यच निवडणं. हे एकदा मान्य केलं, की कॅबिनेटची समीक्षा ही वाद्याची समीक्षा होते. ती आकड्यांच्या तक्त्यावर सोडून देता येत नाही.

गंमत अशी की पुढे 'बेसमन' चार 10 इंची स्पीकरचा झाला आणि साध्या गिटारवाल्यांनीच तो पळवला. 1962 मध्ये इंग्लंडात जिम मार्शलच्या दुकानात जो पहिला मार्शल अॅम्प तयार झाला, त्याचं सर्किट याच बेसमनवरून घेतलेलं होतं. बेसवाल्यासाठी केलेली पेटी बेसला अपुरी पडली आणि गिटारला मात्र इतकी मानवली. का? कारण खर्ज ही फार खर्चिक गोष्ट आहे.

ती किती खर्चिक, ते पाहू. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. पाच तारांच्या बेसची खालची बी सुमारे 31. ई च्या लाटेची हवेतली लांबी भरते सव्वाआठ मीटरच्या आसपास. आता नियम असा : सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाजाची पातळी तीच हवी असली, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. दुप्पट नव्हे, चौपट. म्हणून गिटारच्या पेटीत सुखानं नांदणारा स्पीकर बेस लावला की फडफडू लागतो.

यावरून एक तिढा तयार होतो. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या वॅटमध्ये आवाज मोठा हवा, या तीन मागण्या आहेत. यातल्या कोणत्याही दोन मिळतात. तिसरी सोडावी लागते. ध्वनिशास्त्रात हा 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणून ओळखला जातो. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि स्पीकर यांचं गणितच मांडून दिलं, त्यामुळे पेटी बनवणं अंदाजपंचे राहिलं नाही. पण गणितानं तिढा सुटला नाही, तो फक्त स्पष्ट दिसू लागला. कोणतीही जाहिरात तिन्ही गोष्टी एकत्र देऊ करत असेल, तर तिसरी कुठे कापली आहे ते शोधायचं. समीक्षकाचं पहिलं काम ते.

आता तीन नामवंत पेट्या घेऊ आणि प्रत्येकीनं काय सोडलं ते बघू.

पहिली, अॅम्पेग कंपनीची 'बी-15 पोर्टाफ्लेक्स', साल 1960. रचना जेस ऑलिव्हरची. एकच 15 इंची स्पीकर, सुमारे 25 वॅट, आणि अॅम्प पेटीच्या झाकणावर बसवलेला. प्रवासात झाकण उलटं केलं की अॅम्प पेटीच्या पोटात, वाजवताना सरळ केलं की डोक्यावर. मोटाउनचा थोर बेसवादक जेम्स जेमरसन क्लबात ही पेटी वापरत असे. स्टुडिओत मात्र त्याचा बेस बहुतेक वेळा थेट मिक्सरमध्ये जाई. हा तपशील लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. या पेटीनं काय सोडलं? मोठा आवाज. तिचा सूर गोल, भरीव, डग्ग्यावरच्या घुमाऱ्यासारखा. पण ढोलकरी जरा जोरात वाजवू लागला की तिचा दम संपतो. छोट्या खोलीची ती राणी, मैदानात तिचं काम नाही.

दुसरी, त्याच कंपनीची 'एसव्हीटी' आणि तिचं आठ स्पीकरचं कॅबिनेट, साल 1969. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तिचे सुरुवातीचे नमुने वापरले गेले. 300 वॅटचा व्हॉल्व्हचा अॅम्प, आणि 10 इंचांचे आठ स्पीकर बंद पेटीत. आतून चार कप्पे, प्रत्येकात दोन स्पीकर. वजन सुमारे 63 किलो. वादक मंडळी तिला 'फ्रिज' म्हणतात, आणि जिन्यावरून चढवताना ते नाव का पडलं हे कळतं. तिची खुबी सगळे सांगतात ती 'खोल खर्ज'. आम्ही इथे थोडे असहमत आहोत. ही बंद पेटी 60 हर्ट्‌झच्या खाली हळूहळू उतरू लागते. म्हणजे 41 हर्ट्‌झची ई ती पूर्ण ताकदीनं देतच नाही! मग लोकांना ती इतकी खोल का वाटते?

कारण कान अनुमान करतो. ई वाजवली की 41 च्या जोडीला 82, 123, 165 असे वरचे स्वरांशही निघतात. मूळ सूर क्षीण असला तरी या वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. धूर दिसला, पर्वतावर अग्नी आहे असं आपण म्हणतो, तसंच. 'फ्रिज'चं मोठेपण यात आहे की ती धूर फार सुंदर दाखवते. आणि अगदी खालचा भाग कमी असल्यामुळे रंगमंचावर गाळ साचत नाही. ढोलाच्या गर्दीतही सूर ओळखू येतो. आमच्या मते ही एक उत्तम पेटी आहे, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नव्हे.

तिसरी, 'अकूस्टिक 360', 1960 च्या दशकाच्या शेवटची. तिच्या कॅबिनेटमध्ये 18 इंची स्पीकर पाठमोरा बसवलेला, आणि आवाज घडी घातलेल्या कर्ण्यातून वळून बाहेर येणारा. जॅको पॅस्टोरियसचा सूर याच पेटीशी जोडलेला आहे. तिच्याबद्दल एक दंतकथा आहे : रंगमंचावर वादकाला ती नीट ऐकू येत नाही, दूर मात्र भरभरून ऐकू येते, कारण 'खर्जाची लाट तयार व्हायला अंतर लागतं'. पहिला भाग पुष्कळांचा अनुभव आहे. दुसरा भाग, म्हणजे कारण, साफ चुकीचं. हेडफोन लावा. पडदा कानापासून दोन सेंटिमीटरवर, आणि ई स्पष्ट ऐकू येते. कुठे गेले सव्वाआठ मीटर? लाटेला तयार व्हायला अंतर लागत नाही. कर्ण्याच्या घड्यांमध्ये वरचे स्वरांश कमी होतात, म्हणून जवळ उभ्या वादकाला तार ओढल्याचा ठळकपणा जाणवत नाही. आणि तो ज्या जागी उभा आहे तिथे खोलीच खर्ज कमी करत असते. अनुभव खरा, कारण खोटं. तर्कशास्त्रात असे घोटाळे आम्ही जन्मभर शिकवले. ते स्पीकरमध्ये सापडतील असं वाटलं नव्हतं.

आता दुकानातले दोन भ्रमाचे भोपळे फोडू.

पहिला इंचांचा. '15 इंची म्हणजे खोल, 10 इंची म्हणजे ठसठशीत.' किती खोल जाईल हे पेटीचं आकारमान, तिची जुळणी आणि स्पीकरची घडण यांवर ठरतं, नुसत्या इंचांवर नाही. क्षेत्रफळच काढून बघा ना. एका 15 इंची स्पीकरचं क्षेत्रफळ ढोबळ मानानं 177 चौरस इंच. चार 10 इंचींचं मिळून 314. आठांचं 628, म्हणजे तीन 15 इंचींपेक्षाही जास्त. मग 'दहा'ला हलकं का म्हणायचं? याच भ्रमातून लोक एका 15 इंचीवर चार 10 इंची रचतात, 'दोन्हींचं चांगलं मिळेल' म्हणून. दोन्ही पेट्या 8 ओहमच्या असल्या आणि अॅम्पनं 400 वॅट दिले, तर प्रत्येक पेटीला 200 मिळतात. वरच्या प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला 50, आणि खालच्या एकट्याच्या वाट्याला पूर्ण 200. चार भावांना मिळून जेवढं, तेवढंच ओझं एकट्याच्या डोक्यावर. आधी कोण बसेल? शिवाय दोन वेगळ्या घडणीच्या पेट्या काही सुरांवर एकमेकींना साथ देतात, काहींवर एकमेकींना खोडतात. कधी हा मेळ छान जमतोही, नाही असं नाही. पण तो योगायोग आहे. सारख्या दोन पेट्या हा कधीही जास्त शहाणा मार्ग.

दुसरा भोपळा वॅटचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला ढोबळपणे दहापट वॅट लागतात. 100 चे 200 केले तर फरक 3 डेसिबल, म्हणजे लक्षात येईल इतपत. याउलट त्याच अॅम्पला दुसरी सारखी पेटी जोडली तर खर्जात 6 डेसिबलच्या आसपास वाढ मिळते : निम्मी जास्त ओढलेल्या शक्तीमुळे, निम्मी दोन्ही पडदे एकत्र हवा ढकलतात म्हणून. म्हणजे पैसे अॅम्पवर घालावेत की पेटीवर, याचं उत्तर बहुतेक वेळा पेटी. आणि पेटीवर '400 वॅट' लिहिलेलं असतं तो आकडा मुख्यतः स्पीकरची वेटोळी किती उष्णता सोसेल याचा असतो. पोर्ट असलेल्या पेटीत, पोर्टच्या जुळणीखालचा सूर जोरात वाजवला, तर त्याहून फार कमी वॅटमध्ये पडदा आपली हद्द ओलांडतो. फाटल्यासारखा आवाज येतो तो हाच. पाच तारांचा बेस असेल तर अगदी खालचा भाग छाटणारा हाय-पास फिल्टर लावणं म्हणजे सूर गमावणं नव्हे, स्पीकर वाचवणं आहे.

हे सगळं झालं पेटीबद्दल. पण आमची चूक पेटीत नव्हती.

आपल्याकडे नैयायिकांनी शब्द कसा पसरतो याचा फार सूक्ष्म विचार केला. दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय : पाण्यात एका लाटेनं दुसरी, दुसरीनं तिसरी उठावी तसा शब्द पुढे जातो. दुसरा कदंबमुकुलन्याय : कदंबाचं फूल जसं एकाच वेळी सगळ्या दिशांनी फुलतं, तसा शब्द चहूकडे उमलतो. त्यांच्यासाठी हे पर्यायी पक्ष होते. कॅबिनेटसमोर उभं राहिलं की वाटतं, दोन्ही हवेत. ज्या सुराची लाट पेटीपेक्षा पुष्कळ मोठी, तो कदंबासारखा सगळीकडे, पेटीच्या मागेही पसरतो. ज्याची लाट स्पीकरएवढी किंवा लहान, तो टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो. 1000 हर्ट्‌झची लाट साधारण 34 सेंटिमीटरची, म्हणजे 15 इंची पडद्याएवढी. म्हणून पेटी वादकाच्या पोटऱ्यांकडे बघत असेल तर ठळकपणा पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. वादक मग तो वाढवतो, आणि पहिल्या रांगेतले लोक कान झाकतात. पेटी थोडी मागे कलवली किंवा स्टुलावर ठेवली तर हा सगळा तंटाच मिटतो. तसंच, दोन स्पीकर आडवे शेजारी ठेवण्यापेक्षा एकावर एक उभे ठेवले तर वरचे स्वर सभागृहात अधिक रुंद आणि सारखे पसरतात. दोन स्पीकरच्या पेट्या दिसायला आडव्या बऱ्या दिसतात म्हणून आडव्या ठेवल्या जातात. दिसण्यासाठी ऐकणं घालवायचं, ही आपली जुनीच खोड.

नैयायिकांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या मते आपण ऐकतो तो आघातातून उपजलेला पहिला शब्द नव्हेच. पहिल्यानं दुसरा, दुसऱ्यानं तिसरा उपजवला, आणि आपल्या कानाशी उपजला तो शेवटचा शब्द आपण ऐकतो. भौतिकशास्त्र म्हणून हे आज कुणी मांडणार नाही. पण समीक्षकासाठी यासारखा इशारा नाही : बाबा, तू जे ऐकलंस ती साखळीची शेवटची कडी आहे. तिच्यावरून पहिल्या कडीला दोष देताना सांभाळ.

तीन वर्षांपूर्वी त्याच सभागृहात पुतण्याचा पुन्हा कार्यक्रम होता. साउंडचेकच्या वेळी त्यानं आम्हाला बोलावलं आणि म्हणाला, "काका, मी एकच ओळ वाजवत राहतो. तुम्ही फक्त चालत राहा." त्यानं ई, ए, डी असे सूर एकसारख्या जोरानं वाजवायला घेतले. रंगमंचाकडच्या भिंतीशी पेटी, आणि आम्ही मागच्या भिंतीपासून निघालो. भिंतीशी ई नुसती गर्जत होती. तोच घुमणारा सूर, पंधरा वर्षांपूर्वीचा! आठ-दहा पावलं पुढे, सभागृहाच्या साधारण मध्यावर आलो, तर ई जवळजवळ नाहीशी. त्याचा हात तोच, पेटी तीच, जोर तोच. आणखी काही पावलं पुढे गेलो, तर पुन्हा हजर.

हिशेब सोपा आहे. ई ची अर्धी लाट सुमारे 4.15 मीटर. सभागृह भिंतीपासून भिंतीपर्यंत साधारण साडेबारा मीटर, म्हणजे बरोबर तीन अर्ध्या लाटा. अशा जागेत तो सूर भिंतींशी फुगतो आणि मध्यावर खचतो. भिंतीला टेकलेली आमची खुर्ची बरोबर फुगवट्यात होती. जो दोष आम्ही पुतण्याच्या हाताला दिला, तो खोलीचा आणि आमच्या खुर्चीचा होता.

यातून रंगमंचासाठी एक नियम निघतो. पेटी मागच्या भिंतीपासून दीड मीटर पुढे ठेवली तर भिंतीवरून परतलेला आवाज 57 हर्ट्‌झच्या आसपास मूळ आवाजाला खोडतो. आणि बेसची मोकळी ए तार 55 वर असते. म्हणजे वादकाची सर्वांत कामाची तार पोकळ होते, आणि बिचारा अॅम्पचे कान पिळत बसतो. त्यापेक्षा पेटी भिंतीला लगटून ठेवावी आणि वाढलेला खर्ज अॅम्पवर कमी करावा. जास्त झालेलं काढता येतं; खोडलं गेलेलं कितीही ओतलं तरी भरत नाही. कोपरा मात्र टाळावा, तिथे खोलीतल्या सगळ्या घुमाऱ्यांना एकदम जाग येते. पोकळ लाकडी रंगमंच असेल तर पेटी जमिनीपासून उचलून ठेवावी, नाहीतर रंगमंचच दुसरा डग्गा होतो. आणि कितीही केलं तरी सगळ्या खुर्च्या सुखी होत नाहीत. म्हणून लांब वायर लावून वादकानं एकदा तरी खाली उतरून चालावं.

आता निवड. आमच्याकडे हल्ली मुलं येतात आणि विचारतात, "सर, कोणतं कॅबिनेट घेऊ?" आम्ही उलट विचारतो, आवाज कोणासाठी हवाय? सगळ्या निवडीचं मूळ या प्रश्नात आहे. मोठ्या कार्यक्रमात बेस मिक्सरमध्ये जातो आणि लोकांना साउंडवाल्याच्या सबवूफरमधून ऐकू येतो. तिथे तुमची पेटी ही फक्त तुमच्यासाठी आणि ढोलकऱ्यासाठी. अशा ठिकाणी 'फ्रिज' लावून साउंडवाल्याशी भांडणं म्हणजे लोकांच्या गाण्यात माती घालणं. इथे एक 12 इंची किंवा दोन 10 इंची हलकी पेटी, कानाच्या दिशेनं कललेली, पुरते. जेमरसनचा बेस थेट मिक्सरमध्ये जात होता, हे आठवा; थेट जाणं म्हणजे कमीपणा नव्हे. याउलट छोट्या हॉटेलात, अंगणात, लग्नाच्या हॉलमध्ये बेस मिक्सरमध्ये जातच नसेल, तर तुमची पेटी हाच सगळ्यांचा बेस. तिथे चार 10 इंची, किंवा सारख्या दोन लहान पेट्या हव्यात.

दोन लहान पेट्यांच्या बाजूनं आमचं मत झुकतं. छोट्या कामाला एक न्यावी, मोठ्याला दोन. मात्र दोन्ही 8 ओहमच्या घ्याव्यात. समांतर जोडल्यावर त्या 4 ओहम होतात, आणि बहुतेक ट्रान्झिस्टरच्या अॅम्पची हद्द तिथेच असते. 4 ओहमच्या दोन जोडल्या तर 2 होतात, आणि न सोसणारा अॅम्प ऐन गाण्यात बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हचा अॅम्प असेल तर ओहमची निवड तंतोतंत जुळवावी, आणि पेटी न जोडता तो कधीही वाजवू नये. अॅम्प ते पेटी ही वायर जाड स्पीकर-वायरच हवी. गिटारची बारीक वायर दिसायला सारखीच, पण ती या कामाची नाही, तापते. फिरवून अडकणारा स्पीकॉन जॅक असेल तर उत्तम. पाय अडकून निघत नाही.

आणि वजन. निओडिमियमची चुंबकं आणि क्लास-डी अॅम्प आल्यापासून दोन 10 इंचींची पेटी पंधरा-वीस किलोंत मिळते, अॅम्प तर दप्तरात मावतो. जुनी मंडळी म्हणतात, 'हलक्या पेटीत वजनदार सूर नाही.' आम्ही हे हसण्यावारी नेत नाही. पेटी बदलली की सूर बदलतो, हे आपण आत्ताच पाहिलं. पण परीक्षा न्यायानं करा. दोन्हींचा आवाज आधी समान करा, कारण जराशी मोठी वाजणारी पेटी नेहमीच चांगली वाटते. मग डोळे झाकून, पूर्ण बँडसोबत ऐका. दुकानात एकट्यानं वाजवताना जो गडगडाट सुंदर वाटतो, तोच ढोलासोबत गाळ ठरतो. तरीही जड पेटीच आवडली, तर जरूर घ्या. मात्र एक प्रश्न विचारा : रात्री एक वाजता, पावसात, दुसऱ्या मजल्यावरून ही खाली कोण नेणार? आमच्या पुतण्याच्या कमरेनं त्या सुताराच्या पेटीची किंमत वेगळी चुकवली आहे. बाजारात ती किंमत पाटीवर लिहिलेली नसते.

1974 मध्ये अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडनं 'वॉल ऑफ साउंड' नावाची स्पीकरची भिंतच वादकांच्या पाठीशी उभी केली होती. कल्पना अशी, की जे वादक ऐकतो तेच श्रोत्यानं ऐकावं. फिल लेशच्या बेसच्या चारही तारा वेगवेगळ्या वाटेनं पाठवायची सोय तिच्यात होती. खर्च आणि हमाली इतकी झाली की ती त्याच वर्षी बंद पडली. त्या भिंतीला आम्ही फसलेला प्रयोग म्हणणार नाही. वादक आणि श्रोता यांनी एकच गोष्ट ऐकावी ही इच्छा खरी आहे, फक्त ती पेट्यांनी पुरी होत नाही. वादकानं कधी श्रोत्याच्या जागी उतरायचं असतं, आणि श्रोत्यानं, विशेषतः निवाडा देणाऱ्या श्रोत्यानं, खुर्ची सोडून चार पावलं चालायचं असतं.

त्या साउंडचेकनंतर आम्ही पुतण्याची माफी मागितली. त्याच चार लोकांपैकी दोघे तिथे होते, त्यांच्यादेखत मागितली. तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या हो काका. फक्त आज मधल्या रांगेत बसू नका, ई ऐकू येणार नाही." पेटी त्यानं पुन्हा घेतली आहे. दोन लहान, प्रत्येकी 8 ओहमच्या. एक तो उचलतो, दुसरी आम्ही उचलू म्हटलं तर उचलू देत नाही.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या, आणि मागच्या भिंतीशी बसलेल्या मंडळींनी आधी विचारावेत.